रेघ कुठवर

उत्तरसूचीची चौथी ओळ जुळवताना हिंमतरावांचा हात अर्ध्यावर थांबला. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, स्टिकमध्ये अर्धीमुर्धी ओळ आणि उजव्या चिमटीत नऊचा शिशाचा खिळा. समोरच्या कागदावर गुप्ते सरांनी लिहिलं होतं, ‘प्रश्न ४ : क्ष बरोबर ९. दुसरे मूळ २ हे ताळ्यात खोटे ठरते, ते सोडावे.’ हिंमतरावांनी कागद नाकाजवळ नेला, मग हात लांब करून धरला. नऊच होता. आणि त्यांच्या हिशेबाने चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोळा होतं. नऊ हे तर त्यातलं खोटं मूळ, ताळ्यात न बसणारं, टाकून द्यायचं.

आता छापखान्यातल्या जुळाऱ्याला प्रश्नपत्रिकेच्या उत्तराशी काय करायचंय, असं कुणीही विचारील. छापखान्याचे मालक चिनुभाई तर कितीदा विचारून थकले होते. जुळाऱ्याने समोर असेल ते खिळ्यांत उतरवावं, संध्याकाळी रॉकेलने हात पुसावेत आणि घरी जावं. पण हिंमतराव जगतापांची गोष्ट वेगळी होती. आजोबा महाराजांच्या पागेत घोडेस्वार, वडील वाड्याच्या फाटकावर पहारेकरी आणि हे स्वतः मॅट्रिकला बीजगणितात आपटलेले. आपटले ते थेट दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत, चिनुभाईंच्या वडिलांच्या छापखान्यात येऊन पडले. थट्टा बघा नशिबाची, ज्या विषयाने त्यांना शाळेबाहेर घालवलं तोच पुढे तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे लागला.

बडोद्यातल्या मराठी शाळांचं एक गणित मंडळ होतं. अकरावीच्या मुलांची एकत्र पूर्वपरीक्षा ते दर जानेवारीत घेई, आणि बीजगणिताचा पेपर गुप्ते सर काढत. वर्गमूळं, घातांक, अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, असला किचकट मजकूर हाताळणारा माणूस गावात एकच आणि तो म्हणजे हिंमतराव, असं सर चारचौघांत म्हणत. ते वाक्य हिंमतरावांनी इंदिराबाईंना इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या आता मध्येच ते पुरं करत.

सुरुवातीला एकदा अधिकच्या जागी उणे पडलं होतं. तेव्हा सर रागावले नाहीत. स्टूल ओढून खिळ्यांच्या केसशेजारी बसले आणि वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर त्यांनी तो दाखला सोडवून दाखवला. वर्गमूळ घालवायचं तर दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो, पण वर्ग केला की अधिक तीनचेही नऊ होतात आणि उणे तीनचेही नऊच. त्या गर्दीत एखादं खोटं उत्तर खऱ्याच्या बरोबरीने आत शिरतं. म्हणून आलेलं उत्तर मूळच्या समीकरणात परत टाकून बघायचं. त्याचं नाव ताळा, आणि ताळा न घेणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी आपल्या लेखी नापास, असं सरांनी सांगितलं होतं. हिंमतरावांनी ते असं काही मनावर घेतलं की तेव्हापासून स्वतः जुळवलेला एकेक दाखला स्वतः सोडवून, ताळा घेऊन मगच ते जुळलेला फर्मा चौकटीत आवळायला देत. प्रूफ सर बघत, ताळा हिंमतराव घेत.

चौथा प्रश्नही त्यांनी सोडवला होता, खिळ्यांवरून वाचून. क्षचं वर्गमूळ, अधिक सात, बरोबर क्ष उणे पाच. उत्तरं दोन आली, सोळा आणि नऊ. सोळा घातले: चार अधिक सात अकरा, सोळा उणे पाच अकरा. बसलं. नऊ घातले: तीन अधिक सात दहा, नऊ उणे पाच चार. नाही बसलं. म्हणजे सोळा खरं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी तपकीर ओढली होती, हेही त्यांना आठवत होतं.

हिंमतराव उठले आणि कपाटातून प्रश्नपत्रिकेची एक प्रत काढून दाराच्या उजेडात गेले. भिंग लावलं. वर्गमुळाच्या चिन्हावरची आडवी रेघ क्षच्या डोक्यावर संपत होती. ती सातपर्यंत गेलेली धरली तर? क्ष अधिक सात, सगळ्याचं वर्गमूळ. नऊ अधिक सात सोळा, त्याचं वर्गमूळ चार. नऊ उणे पाच चार. बसलं, चोख बसलं. त्या एवढ्याशा रेघेने खऱ्याला खोटं केलं होतं आणि खोट्याला खरं, आणि दोन्ही दाखले इतके सरळ सुटत होते की ताळ्याच्या जाळ्यातून चूक आरामात निसटली होती.

रेघ आखूड कशी पडली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वर्गमुळाचं चिन्ह हा खिळा असतो, पण त्याच्या वरची रेघ म्हणजे पितळेची बारीक पट्टी. ती मापाने कापून वर बसवावी लागते. असे कापलेले तुकडे हिंमतराव तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत ठेवत. पूर्वी ते बघून निवडत, गेलं सव्वा वर्ष बोटांनी निवडत होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, पिकू दे, मग काढू. पण नंतर जाड भिंगाचा चष्मा लागेल आणि बारीक खिळ्यांचं काम विसरावं लागेल. हे घरात फक्त इंदिराबाईंना माहीत होतं. छापखान्यात सांगायची सोय नव्हती. तिथे दाराशी तुकोजीराव बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली तेव्हा चिनुभाईंनी दया म्हणून त्यांना काढलं नाही, सुतळी देऊन पार्सलं बांधायला बसवलं. एके काळी सबंध पंचांग एकहाती जुळवलेला माणूस. आता नवी पोरं त्यांना पार्सलवाले काका म्हणत, आणि तेही हाकेला ओ देत.

सरांच्या हस्तलिखितात रेघ पुरती होती. सातच्या पुढे जाऊन शेवटी किंचित खाली वळलेली, तशी वळवायची सरांची सवयच होती. पण ते हस्तलिखित आता कुठे होतं? गुप्त कामाचा रिवाज होता की छपाई संपली की लेखकाची कॉपी, प्रूफ, बिघडलेले कागद सगळं मागच्या अंगणात दोघांच्या समोर जाळायचं. ते जळताना हिंमतराव स्वतः काठीने राख उलथत उभे होते.

त्यांनी नऊचा खिळा परत खणात टाकला, डोकं दुखतंय असं चिनुभाईंना सांगितलं आणि सायकल काढली. अर्धी ओळ स्टिकमध्ये तशीच उभी होती. तीस वर्षांत अर्धी ओळ टाकून ते कधी उठले नव्हते.

बाबाजीपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर इंदिराबाई तुवेरच्या शेंगा सोलत होत्या आणि शेजारी, वरच्या मजल्यावरची अहल्या तोंड फुगवून बसली होती. अकरावीतली पोर, हुशार, आणि हुशार आहोत हे माहीत असलेली. समोरच्या तारांवर उत्तरायणातले फाटके पतंग अजून लोंबत होते. तिच्या मांडीवर बीजगणिताचा पेपर पाहिला आणि हिंमतरावांना सायकलची घोडी लावायचं सुचेना. हा पेपर त्यांच्या हातून गेलाय हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

इंदिराबाईंनी सांगितलं की पोरीला सर वर्गात बोलले. तिने चौथ्याचं उत्तर सोळा लिहिलं होतं, आणि तिच्या सरांनी पेपरावर नजर टाकून नऊ म्हणून सांगितलं. तसला दाखला पुस्तकातही आहे आणि त्याचं उत्तर नऊ आहे. बाकीच्यांनी पुस्तकातलाच समजून नऊ लिहिलं होतं, सोळावाल्या वर्गात चारच निघाल्या. जिला दाखला नीट उतरवून घेता येत नाही तिने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असं सर चौघींना उभं करून म्हणाले होते.

"मी तीन वार गणला, काका," अहल्या म्हणाली. "नऊ टाकून बघितलं ने. एका बाजूला दहा येतात, दुसऱ्या बाजूला चार. बसतच नाही. ज्यांनी ताळा घेतला नाही त्यांचं बराबर आणि माझं खोटं."

"सरांना दाखवलास ताळा?" हिंमतरावांनी विचारलं.

"ते बघायलाच तयार नाहीत. जाऊ दे. मी कॉलेजात आर्ट्स घेणार. बाबांचं पण तेच म्हणणं होतं, आता माझंही तेच."

तिने पेपराची घडी केली, मग घडीची घडी केली, आणि तो एवढासा करून शेंगांच्या टरफलांत टाकला. हिंमतरावांनी मोरीत जाऊन हात धुतले. ते स्वच्छच होते, पुन्हा धुतले.

ती वर गेल्यावर त्यांनी इंदिराबाईंना सगळं सांगितलं. इंदिराबाईंनी टरफलांतून पेपर काढून मांडीवर सपाट केला. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या तो हाताने सारखा करत राहिल्या. गुप्ते सरांना सांगून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं पडलं.

"आणि डोळ्याचं विचारलं तर?"

"तर डोळ्याचंही सांगा."

"मग मी पण सुतळी घेऊन दाराशी बसू?"

इंदिराबाईंनी सपाट केलेला पेपर उचलून फडताळात ठेवला. त्या खोटा धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी हिंमतराव सुरण आणायला बाहेर पडले. सुरसागराला वळसा घालून मांडवीपर्यंत गेले, तिथून उगाच चांपानेर दरवाज्याकडे, परत न्यायमंदिर, आणि पुन्हा सुरसागर. तलावाच्या कठड्याला सायकल टेकवून उभे राहिले तर पाच मिनिटं राहवेना. मनात एकच हिशेब चालू होता. सांगितलं तर खिळ्यांची केस हातची गेली. न सांगितलं तर? उत्तरसूचीत नऊ जाईल, सोळावाले मरतील, आणि कुणालाच काही कळणार नाही. फार तर अहल्या आर्ट्सला जाईल. पोरी जातातच आर्ट्सला. एवढं मनाशी म्हणून झालं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की सुरणाची पिशवी हँडलला अडकवून ते तडक रावपुऱ्यात गुप्ते सरांच्या घरी गेले.

सर पुढच्या खोलीत टेबलाशी होते. हिंमतरावांना बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बरं झालं आलात. मीच निरोप धाडणार होतो," म्हणत त्यांनी खुर्ची दिली. आदल्या संध्याकाळी मंडळातले दोन तरुण शिक्षक पेपर घेऊन येऊन गेले होते. आखूड रेघ त्यांच्या ध्यानात आली होती. फार अदबीने त्यांनी सुचवलं होतं की सरांवर आता कामाचा भार फार होतो, पुढच्या वर्षापासून पेपर दुसऱ्या कुणी काढावा. सर हे सांगताना हसत होते, पण ते हसू पाहायला बरं वाटत नव्हतं.

हिंमतरावांची नजर टेबलावर गेली. एक आखीव ताव होता आणि त्याच्यावर वर्गमुळंच वर्गमुळं. वीसपंचवीस तरी असतील. प्रत्येकाच्या पोटात क्ष अधिक सात, आणि प्रत्येकावर रेघ. काही लांब, काही थरथरलेल्या, एकदोन मध्येच तुटलेल्या.

"हात कापतो हल्ली," सर म्हणाले. "बघत होतो, किती वेळा आखूड पडते. पंचवीसात तीनदा पडली. म्हणजे तेव्हाही पडली असेल. कॉपी जळून गेली, आता कोण सांगणार?" मग थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला आठवतं का काही, हिंमतराव? रेघ कुठवर होती?"

सगळं तयार होतं. रावपुऱ्याच्या नाक्यापासून हिंमतराव तेच वाक्य घोटत आले होते. पण तोंड उघडलं तेव्हा त्यांना दाराशी बसलेले तुकोजीराव दिसले, आणि सुतळी दिसली.

"आठवत नाही, साहेब," ते म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि शुद्धिपत्राचा कागद त्यांच्या हातात ठेवला. सगळ्या शाळांना पाठवायचा होता, उत्तरसूचीच्या आधी तो जुळवा म्हणाले. हिंमतराव पायऱ्या उतरले. सुरणाची पिशवी हँडलला होती ती घरी पोचेपर्यंत गुडघ्यावर आपटत राहिली. दुपारभर ते आतबाहेर करत होते. एकदा वरच्या मजल्याच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. इंदिराबाईंनी काही विचारलं नाही, आणि न विचारण्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी छापखान्यात पोचले. शनिवारची अर्धी ओळ स्टिकमधून काढून बाजूला ठेवली आणि शुद्धिपत्र घेतलं. आधी समीकरण. वर्गमुळाचा खिळा, क्ष, अधिक, सात. पितळी पट्ट्यांची डबी त्यांनी फळीवर पालथी केली, एकेक तुकडा नखाने चाचपला आणि सर्वांत लांब निघाला तो घेतला. खिळ्यांवर ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला. सातच्या पुढे नखाइतका जात होता. मग मजकूर. छापल्याप्रमाणे सोडवून १६ उत्तर काढणाऱ्यांना पूर्ण गुण द्यावेत. रेघ पूर्ण धरून ९ काढणाऱ्यांनाही द्यावेत. इथवर हात चालला. पुढची ओळ सरांनी लिहिली होती, ‘ही हस्तलिखितातील चूक असून तिची जबाबदारी प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची आहे.’

जुळाऱ्याचा एकच धर्म असतो. कॉपीत आहे ते जुळवायचं. लेखकाचं चुकलं तरी, मूर्खपणाचं असलं तरी, आपल्या पदरचा कानामात्रा घालायचा नाही. तीस वर्षांत हिंमतरावांनी तो एकदाही मोडला नव्हता. त्यांनी कॉपी बाजूला सरकवली, तिच्यावर डबी ठेवली, आणि न बघता ओळ जुळवली.

अकरा वाजता सर आले. चिनुभाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी प्रूफ मोठ्याने वाचायला घेतलं, तशीच त्यांची पद्धत होती. कॉपी हातात धरून हिंमतराव समोर उभे. समीकरणापाशी सरांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. शेवटच्या ओळीशी मात्र त्यांचा आवाज थांबला. ‘ही जुळणीची चूक असून तिची जबाबदारी खिळे जुळवणाऱ्याची आहे.’

"कॉपीत असं नाही," सर म्हणाले.

"नाही, साहेब. कॉपीत ‘हस्तलिखितातील चूक’ आहे."

"मग?"

"तुमची रेघ सातच्या पुढे गेली होती. शेवटी थोडी खाली वळलेली होती. मी पाहिली होती. पट्टी मी आखूड घातली."

चिनुभाईंनी हातातलं बिल खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण छापखाना त्याचा होता. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हिंमतराव, साहेब स्वतः आपली भूल मानतात, कागद पण नाही उरला, तर तुम्ही शुं काम उगीच? मंडळ काम काढून घेईल. चष्मा बदला ने, पत्ली गोष्ट, मिटलं."

"चष्म्याचं नाही, शेठ. मोतिया आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून."

छापखान्यात ट्रेडल यंत्र चालू होतं. दाराशी तुकोजीरावांची सुतळी ओढायची थांबली होती. गुप्ते सर प्रूफकडे पाहत राहिले.

"मी दोन दिवस रेघा ओढत बसलो होतो, हिंमतराव," ते अखेर म्हणाले.

"बघितल्या मी, साहेब. बघून पण कबूल केलं नाही."

सरांनी तांबड्या शाईचं पेन उघडलं. चिनुभाईंना वाटलं ते ओळ खोडणार. त्यांनी ओळ खोडली नाही. ‘खिळे जुळवणाऱ्याची’ या शब्दांपुढे एक खूण केली आणि समासात कापऱ्या हाताने तीन शब्द लिहिले, ‘व प्रूफ वाचणाऱ्याची’. खाली सही केली.

"प्रूफ मी पाहिलं होतं. मला जे माहीत होतं तेच मी वाचलं, तुम्ही छापलेलं वाचलंच नाही. तेवढं माझं राहू द्या," असं म्हणून त्यांनी पेन बंद केलं. हिंमतराव केसकडे गेले आणि ते तीन शब्द त्यांनी जुळवले, कॉपीत होते तसे.

शुद्धिपत्र त्याच दिवशी सगळ्या शाळांना गेलं. मंडळाचं काम पुढच्या वर्षी दुसऱ्या छापखान्यात जाणार हे महिन्याभरात नक्की झालं, आणि पेपर कोण काढणार याची चर्चा चालू राहिली. चिनुभाईंनी हिंमतरावांना दाराशी बसवलं नाही. लग्नसराई तोंडावर होती. त्यांनी त्यांना खिडकीजवळची मोठ्या खिळ्यांची केस दिली. लग्नपत्रिका, गुजराती लग्नांच्या कंकोत्र्या, उद्घाटनाची हँडबिलं. बोटाएवढाली अक्षरं, आंधळ्यालाही जुळवता यावीत अशी. दिवसाकाठी पाचसात ओळी झाल्या की काम संपायचं. सोडवण्यासारखं त्यात काही नसे, तरी सवयीने हिंमतराव लग्नाची तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळतात का ते बघून घेत. जुन्या केसवर सावली गावाहून आलेला एक नवा जुळारी उभा राहू लागला. तपकिरीची डबी त्यांनी त्याच्याकडे दिली, तुकडे मापाने लावून दिले, आणि बघून घेत जा, चाचपून नको, एवढं सांगितलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला एका दुपारी तुकोजीरावांनी दारातून हाक मारली. अहल्या आली होती. हातात वही होती. इतक्या खिळ्यांमध्ये आणि शाईच्या वासात ती पहिल्यांदाच येत होती, म्हणून थोडी अंग चोरून उभी राहिली.

"चौथ्याचे पूर्ण मार्क दिले, काका," तिने सांगितलं. मग जरा घुटमळून विचारलं, "शुद्धिपत्र आमच्या सरांनी वर्गात वाचलं. खिळे जुळवणारा म्हणजे तुम्हीच ने?"

"मीच."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, आणि रागावली असती तर चाललं असतं. तिने मोठ्या खिळ्यांच्या केसवर वही ठेवली आणि उघडली. तिच्या सरांनी नवा दाखला घातला होता, तो सुटत नव्हता. काकी म्हणाल्या की काकांना असले दाखले येतात.

हिंमतरावांनी वही उचलली, नाकाजवळ नेली, खिडकीकडे धरली. पानावर पेन्सिलीचं काहीतरी राखाडी होतं. सवयीने त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. पण कागदावरची रेघ बोटाला लागत नाही, ती पितळेची नसते. त्यांनी वही तिच्याकडे परत केली, फडक्याला हात पुसले आणि स्टूल पुढे ओढलं.

"तू वाच. मी तोंडी करतो."

"वर्गमुळात दोन क्ष अधिक तीन, बरोबर क्ष," अहल्याने वाचलं.

हिंमतरावांनी डोळे मिटले.

"थांब," ते म्हणाले. "आधी सांग, रेघ कुठवर आहे?"

अहल्या वहीवर वाकली आणि तिने बोट ठेवून पाहिलं.

"तीनच्या पुढपर्यंत, काका. पट्टीने ओढलीय मी."